स्पीकरवरचा प्रश्न

प्रिय सृष्टी,

नीलम्मामावशीनं हे पत्र हातात ठेवलं, की शेण काढायला जाते म्हणून गोठ्यात जा आणि तिथंच वाच. मावशीला वाचता येत नाही, म्हणूनच तिला धाडलंय. लहानपणी माझ्या वह्या चोरून वाचायचीस, तसंच वाच. फक्त या वेळी हसू नकोस.

आमचं सर्वेक्षणाचं काम संपलं. गावोगाव जाऊन बायकांना विचारायचं होतं, नवरा हात उचलतो का. उमाशंकर सरांनी त्यातच एक प्रयोग घातला होता. काही बायकांना आम्ही प्रश्न तोंडानं विचारायचा. काहींना इअरफोन द्यायचा, प्रश्न त्यांनाच ऐकू येणार, आणि त्यांनी टॅबवर हिरवं नाहीतर लाल बटण दाबायचं. कुणाला कसं विचारायचं ते टॅबच सोडत काढून ठरवायचा, आमची मर्जी चालत नव्हती. मला हे खूळच वाटलं होतं. आम्ही ओसरीवर टेकलो, की सासू चहा घेऊन यायची आणि आपणही तिथंच फतकल मारायची.

आकडे आले. तोंडी विचारलेल्या बायकांत 'हो' म्हणणाऱ्या तुरळक. इअरफोनवाल्यांत त्याच्या तिप्पट. मी सरांशी भांडले. इअरफोनवाल्यांच्या गावांतले पुरुषच वाईट असतील म्हटलं. तर सर म्हणाले, "अगं, दर गावात दोन्ही तऱ्हेनं विचारलंय, अन् तुम्ही सगळ्याच पोरींनी दोन्ही तऱ्हा केल्यात." मग बटणं चुकली असतील! तेही नाही. सरावाला आधी 'घरी म्हैस हाय का' असा प्रश्न होता, आणि म्हशीच्या बाबतीत कुणाचंच बटण चुकलेलं नव्हतं. सोडतीनं वाटलेल्या बायका सारख्याच होत्या गं, वेगळं होतं ते आमचं विचारणं.

तेव्हापासून मला माझे फोन आठवतायत. दर रविवारी मी फोन करते. तो तुझे कुलदीपराव उचलतात, स्पीकरवर टाकतात, तुझ्या सासूबाई शेजारी शेंगा फोडत असतात. मी ओरडून विचारते, सृष्टे, बरं चाललंय ना? तू म्हणतेस, "लई बरं हाय, आक्का." आणि मी निवांत जेवायला बसते. शिकलेली, सर्वेक्षण करणारी तुझी आक्का! पंचमीला सगळ्या लेकी आल्या, तू नाही. तुझ्याविना म्हणे फवारणी अडली होती. तेही मी खरं धरलं.

सरांना आडून विचारलं, या आकड्यांवरून एखाद्या बाईचं कळतं का? नाही म्हणाले. आकडे सगळ्यांचं मिळून सांगतात, एकीचं तिलाच विचारावं लागतं. आणि तुझी तामलवाडी तर आमच्या नमुन्यातल्या गावांत आलीच नाही. मला भीती वाटते, सृष्टी. फार भीती वाटते.

म्हणून आज विचारते, शेजारी कुणी नसताना. कुलदीपराव तुला मारतात का? उत्तर लिहू नकोस, कागद मागे राहतो. नसेल, तर मावशीला चहा पाजून एकटीला पाठव. मी तिच्यासोबत कळंबला परत जाईन आणि संशय घेतला म्हणून तुझ्या शिव्या आनंदानं खाईन. असेल, तर हे पत्र चुलीत घाल आणि मावशीला एसटीत बसवून येते म्हणून तिच्याबरोबर निघ. पिशवी भरू नकोस, चप्पल बदलू नकोस. मी फाट्यावर उभी आहे.

तुझीच,
आक्का