कागदावरचा अनंत झरा

सूर्यमाळ,
१३ मे १९९८

आदरणीय सखामामा,

तुमच्या पायांना हात लावून (तो इथून जव्हारपर्यंत पोचत नाही, तरी पोचला असं धरावं) लिहायला बसते. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? मी बरी आहे, फक्त रोज हंडा घेऊन दरी चढते, त्यामुळे माझाही गुडघा तुमच्या वळणावर गेलाय. शाळेला सुट्टी लागूनही ही मास्तरीण पोर घरी का आली नाही, असं मामीनं विचारलं होतं. त्याचं कारण अनंत. म्हणजे कारणं पुष्कळ आहेत असं नव्हे, कारणाचं नावच अनंत.

झालं असं, की आमच्या पाड्याला झरा एकच. मागच्या भाद्रपदात कचेरीतले हिंगे भाऊसाहेब पाण्याची नोंद करायला आले (बी.एस्सी., गणित, प्राध्यापक व्हायचं राहून गेलेला माणूस). सगळीकडे पाणीच पाणी. त्यांनी धोंडीबाईला, म्हणजे माझ्या शेजारच्या म्हातारीला, झरा कधी आटतो, किती आटतो, असं बरंच विचारलं. ती वैतागून म्हणाली, "सरतच नाय." भाऊसाहेबांनी 'उपलब्ध पाणी' या रकान्यात लिहिलं : अनंत.

यंदा चैत्रातच झरा आटला. टँकर मागायला मी कचेरीत गेले, तर भाऊसाहेबांनी शांतपणे वही उघडून दाखवली. म्हणाले, "बाई, अनंतातून कितीही वजा करा, अनंतच उरतो. टँकर कशाला?"

मामा, तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी खुर्ची ओढून बसलेच. म्हटलं, हे गणितात खरं, डोंगरात नाही. आकडे मोजत गेलो तर संपत नाहीत, मान्य. पण पुढचा आकडा म्हणता येणं वेगळं आणि तेवढी वस्तू खरोखर एका जागी असणं वेगळं. आमच्या डोंगराला दोन बाजू आहेत, दोन्हीकडे माणसं राहतात. त्या दोन बाजूंच्या मधे अनंत पाणी बसवून दाखवा! त्यावर ते म्हणाले, "मग आभाळ कुठं संपतं ते तुम्ही दाखवा." म्हटलं, आभाळाचं मला माहीत नाही, बघून यायला फार लांब आहे. झरा मात्र खोडाळ्याच्या गाडीनं येऊन बघता येतो. (ते आले नाहीत. 'सृष्टीत प्रत्यक्ष अनंत नसतो' असं जाणकाराचं लेखी मत आणा, म्हणाले.)

तिसऱ्या दिवशी मी लेखी मत घेऊन गेले आणि सोबत धोंडीबाईला व पाड्यातल्याच लाडकीलाही नेलं. लाडकी बाळंतपणातून उठून महिना झाला नव्हता, तरी रिकामा हंडा डोक्यावर घेऊन आली. भाऊसाहेबांनी कागद वाचला, मान डोलवली आणि धोंडीबाईला म्हणाले, "आजी, सरत नाही असं तुम्हीच सांगितलं होतं."

"पाण्याचं कवा?" म्हातारी म्हणाली. "तुझं इचारनं सरत नाय, आसं बोल्ले मी."

कचेरीतले सगळे हसले. भाऊसाहेब लाल झाले, पण माणूस प्रामाणिक. त्याच दुपारी आमच्याबरोबर चढून आले. झऱ्यापाशी सतरा हंडे रांगेत होते. लाडकी खाली उतरून करवंटीनं ओल खरवडत बसली. एक तांब्या भरायला घटका गेली. धोंडीबाईनं तो पहिला पाहुण्याला दिला. भाऊसाहेबांचे ओठ सुकले होते. त्यांनी तांब्या हातात घेतला, रांगेकडे बघितलं आणि न पिता लाडकीच्या हंड्यात ओतला. मग गुडघ्यावर वही ठेवून 'अनंत' खोडलं आणि 'शून्य' लिहिलं.  

परवा सोमवारी टँकर आला. आम्ही त्याला हळदकुंकू लावलं. ड्रायव्हर लाजला.

तुमची,
रंजना

ता. क. – भाऊसाहेब येत्या रविवारी तुमच्याकडे येणार आहेत. ते लेखी मत निवृत्त गणितशिक्षक या नात्यानं तुमचं होतं. म्हणजे लिहिलं मी, सहीही मीच केली ('ख' तुमच्यासारखा जमला नाही). तुम्हाला विचारायला यायचं तर एक दिवस मोडला असता. विश्वात प्रत्यक्ष अनंत असूच शकत नाही असं तुम्ही त्यात दोन पानं ठासून म्हटलं आहे. त्यांना त्यावर तुमच्याशी वाद घालायचा आहे. सोळा वर्षांत त्यांच्याशी गणितावर बोलायला कुणी भेटलं नाही हो.

आणखी एक – मला स्वतःला आभाळाचं अजून काही ठरवता आलेलं नाही. तुमचं मत कदाचित माझ्या दोन पानांच्या उलट असेल. असलं तरी रविवारी ते काढू नका. टँकरच्या पुढच्या फेऱ्यांचा कागद सोमवारी निघायचा आहे. वादात हरायचंच असेल, तर जूनमध्ये हरा.