कचरापेटीतले फोटो

२ ऑक्टोबर, नारिन
पोहोचलो एकदाच्या! ओशहून येताना घाटात सेझीमने माझ्या एकुलत्या एका चांगल्या कोटावर ओकून ठेवलं, पण गाडीतून उतरताच नदी बघून टाळ्या पिटल्या. दीड वर्षाच्या बाईसाहेबांना गाव पसंत पडलं म्हणजे जमलंच. तिचा बाप रशियात इमारती बांधतो, त्यामुळे आम्ही मायलेकी दोघीच. घरमालकीण बात्मा आपांनी दारातच तिला माझ्या कडेवरून घेतलं आणि म्हणाल्या, तू खुशाल कामाला जा, ही आता माझी. वर चहा, साय आणि गरम तळलेले बोर्सोक. लाज सोडून खाल्ले.

५ ऑक्टोबर
काम कबरीच्या दगडांच्या दुकानात. मेलेल्याचा फोटो मी कॉम्प्युटरवर साफ करायचा, मग मशीन तो काळ्या दगडावर कोरतं. ऐकायला भयाण आहे, पण खोली उबदार आणि मालक तेमिरकुल अके मोठे विनोदी. म्हणाले, आपली गिऱ्हाइकं कधी तक्रार करत नाहीत, कटकट असते ती नातेवाइकांची.

कॉम्प्युटर मात्र, अल्ला! 'नवीन फोल्डर', त्याच्या पोटात 'नवीन फोल्डर', त्याच्याही पोटात 'खरंच नवीन'. लोक फोटो आणतात ते लग्नातले नाहीतर मेजवानीतले. एकट्याने उभं राहून फोटो काढतो कोण इथे? अके त्यातून मेलेल्याचा चेहरा कापून घेतात, मूळ फोटो स्क्रीनवरच्या कचरापेटीत टाकतात आणि दोन्ही तळवे तोंडावरून फिरवून ओमिन म्हणतात. जेवण झाल्यावर म्हणावं तसं, कॉम्प्युटरपुढे! मला हसू आवरेना. अकेही हसले. पण म्हणाले, जिवंत माणसाला मेलेल्याच्या घरी मुक्कामाला ठेवू नये, पोरी.

९ ऑक्टोबर
अके दगड आणायला खाणीवर गेलेत. ते येईपर्यंत सगळं लखलखीत करून ठेवायचं ठरवलं. कचरापेटी उघडली तर वर्षानुवर्षांचे फोटो आत, कधी रिकामीच केलेली नाही. इतके छान फोटो टाकवतात तरी कसे! सगळे परत आणले. प्रत्येक मृताच्या नावाचं फोल्डर, त्यात कापलेला चेहरा आणि शेजारी मूळ फोटो. आता कुणी फोनवरून मृताचं नाव लिहून फोटो पाठवला की तोही आपोआप त्या नावाच्या फोल्डरात जाऊन बसतो. अकेंची बायको, सायकाल एजे, म्हणाल्या, माझं कपाटही लावून दे गं बाई. फार खूश आहे मी आज.

१६ ऑक्टोबर
एक मेंढपाळ बायकोचा दगड सांगायला आला. तिचा फोटो माझ्याकडे होताच. गेल्या वर्षी वारलेल्या नणंदेच्या फोल्डरात, नणंदेला बिलगून उभी. पटकन काढून दिला, तो चकित झाला. दुपारी दुसरं कुटुंब आलं. त्यांच्याही माणसाचा फोटो आधीच कुणा दुसऱ्या मृताच्या फोल्डरात होता. मग तिसरं. आधी अभिमान वाटला, मग जाऊन एजेंना सांगितलं. एजे म्हणाल्या, थंडी पडली की म्हातारी पानं गळायचीच.

तिसरा म्हातारा नव्हता. माझ्याच वयाचा होता.

१९ ऑक्टोबर
अके परतले. स्क्रीन बघितली आणि टोपी काढून खाली बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, तू त्यांच्याकडे पाहुणे धाडलेस. मेलेले झाले तरी आपलेच लोक ते, पाहुण्याला जेवल्याशिवाय उठू देतील होय?

फोटो पुन्हा टाकून द्यायला बसलो. प्रत्येक वेळी एकच उत्तर: ही फाईल वापरात आहे. सगळं बंद केलं, वायर उपटली, पुन्हा लावली. वापरात आहे. कुणाच्या? मी म्हटलं, हातोडा घालू. अके म्हणाले, घर पाडलं म्हणून आत बसलेला बाहेर येतो का? मग त्यांनी मला त्यांतलाच एका लग्नाचा फोटो दाखवला. कोपऱ्यात मटणाची परात घेऊन हसताहेत ते स्वतः अकेच.

२४ ऑक्टोबर
अके गेले. जेवता जेवता.
एजे एवढंच म्हणाल्या की त्यांचा चेहरा तूच काप. कापला. ओमिन म्हटलं. माझ्यामुळे गेले ते. माझ्या मेल्या नीटनेटकेपणामुळे.

२७ ऑक्टोबर
बात्मा आपा पहाटे गेल्या. त्या कुठल्याच फोटोत नव्हत्या, मी सगळे पाहिले होते. आपल्या मरणाने गेल्या. लिहायला शरम वाटते, पण तेवढं समजून मला बरं वाटलं.
दुपारी त्यांच्या मुलाने बिश्केकहून दगडासाठी फोटो धाडला. आपांचं नाव लिहून. ती आपोआपची सोय— मी बंदच केली नव्हती. फोटो आमच्या अंगणातला. सेझीम नीट चालू लागावी म्हणून पायांना बांधलेला दोरा रीतीप्रमाणे मुलांनी धावत येऊन कापला, त्या दिवसाचा. ती आपांच्या मांडीवर—

२८ ऑक्टोबर
अंग तापलंय तिचं. डॉक्टर म्हणतात घसा लाल आहे, साधंच आहे. त्यांना काय सांगू?
फोटो कापायला घेतला. चौकट आपांवर लावते, ती सरकून सेझीमवर जाते. पुन्हा लावली. पुन्हा तेच. आता फोल्डरात एक नवीन फाईल आहे. फक्त तिचा चेहरा— मागे काळं. दगडासाठी करतो तसं. मी नाही केलं. मी नाही—

३० ऑक्टोबर
दूध घेत नाही. तिच्या बापाला फोन केला, नुसतं ये म्हटलं. झोपेत हसते. कुणीतरी भरवत असल्यासारखं तोंड उघडते—

३१ ऑक्टोबर
एकच सुचतंय. माझ्या फोटोला तिचं नाव दिलं. तिच्या फाईलवर टाकते. तिच्या जागी मला घ्या. एजेंनी तिला मांडीवर घेतलंय. स्क्रीनवर विचारतंय— या नावाची फाईल इथे आधीच आहे, बदलायची का?
हो. अल्ला, हो—
दाबलं. तिने डोळे उघडले! मला हाक मारली—
नाही. फोल्डरात दोन आहेत. तिची तशीच. शेजारी माझी. खाली आलंय— दोन्ही ठेवून घेतल्या