विहिणीला गायल्याची नोटीस

९ एप्रिल, बुधवार
घसा पार बसलाय. काल चुलत पुतणीची हळद. नवरदेवाची उष्टी हळद घेऊन तिकडच्या बाया आल्या आणि मी इहिणीला चिडवायची गाणी सुरू केली. इहीण लई गोरीगोमटी, नाकात ही एवढी नथ. मग काय, कडव्यावर कडवं. पदरात तोंड घालून लाजायची आणि मधूनच म्हणायची, "अजून म्हणा की." जीप निघेपर्यंत सोडलं न्हाई तिला.
सकाळी अंगणवाडीत पोरांना बडबडगीत शिकवायचं होतं, तर आवाजच फुटंना. मदतनीस शांताबाईनं म्हणून घेतलं. वर टोमणा, "सगळा गळा इहिणीला वाटून आलात, पोरांना काय?"
पुतणसून सोनीनं माझ्या गाण्याची रील टाकलीय म्हणे. टाकू दे.

११ एप्रिल, शुक्रवार
रील लांब पोचली. पुण्याहून भावाचा फोन. "अक्का, हे काय चालवलंय?" म्हणलं, तुझ्या लग्नात बी हेच चालवलं होतं, तवा कावून टाळ्या वाजवल्या? फोन कट.
दुपारी ठाण्यातून जमादाराचा फोन. शेजारगावच्या भाऊसाहेबांनी तक्रार दिलीय. त्यांना निवडणुकीला उभं राहायचंय, कशावर तरी बोंब पाहिजेच. सार्वजनिक ठिकाणी अश्लील गाणी, कलम २९६. नाव माझं. मंगळवारी या.
भाऊसाहेब! अरे, ही गाणी मी तुझ्याच आजीपाशी बसून शिकले. म्हातारी असती तर तुझ्या तक्रारीलाच चाल लावली असती तिनं.
हे उसाचा ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावरून परवाच आलेत. ऐकून पोट धरून हसले. मी बी हसले. मग सुपरवायझर मॅडमचा फोन आला आन हसू गेलं. "सुमनबाई, गुन्हा दाखल झाला तर अंगणवाडी हातची जाईल. वरून विचारणा आलीय."
अंगणवाडी. ज्या पोरांना मी भरवलं त्यांची पोरं आता माझ्याकडं येतेत. ती सोडून मी काय करू? जेवण गेलं न्हाई.

१५ एप्रिल, मंगळवार
ठाण्यात जाऊन आले. लिहायलाच पाहिजे, न्हाईतर उद्या मलाच खरं वाटायचं न्हाई.
साहेब तरणाबांड, विदर्भाकडचा, बोलायला गोड. म्हणला, "गाण्याचे शब्द जबाबात पाहिजेत. रीलमध्ये बायांच्या हसण्यात काहीच कळत नाही." जमादार पेन घेऊन बसला. मी म्हणलं, साहेब, हे पाठ करून म्हणायचं गाणं न्हाई. इहीण समोर बसती, तिची लुगडं नेसायची तऱ्हा, तिची नथ, तिचा चेहरा बघून कडवं सुचतं. इहिणीबिगर गाणं उठत न्हाई. ठाण्यात कुठून आणू इहीण?
साहेब इचारात पडला. मग महिला शिपाई वर्षाला म्हणला, "मॅडम, तुम्ही बसा जरा."
वर्षा बिचारी वर्दीवरच खुर्चीत बसली. मी म्हणलं, डोक्यावर पदर न्हाई तर रुमाल तरी घे गं. घेतला तिनं. आन मला चढलं.

इहीणबाई इहीणबाई, खाट कावून करकरती?
इवाई म्हणतो सुतार बोलवा, इहीण गालात हसती

जमादार म्हणतो, "यात काय हाय अश्लील? खाट जुनी असंल." म्हणलं, लिवा, फुडं ऐका. दुसऱ्या कडव्याला त्याचं पेन थांबलं. तिसऱ्याला साहेबाला फोन आला (वाजला न्हाई, पण आला) आणि तो बाहेर गेला. चौथ्याला जमादार हात जोडून म्हणला, "काकू, माझं लगीन व्हायचंय, बास." वर्षा रुमालात तोंड घालून हसून हसून लाल. पासपोर्टच्या कामाला आलेला एक म्हातारा दारातूनच म्हणला, "पाचवं हाय का?"
शेवटी साहेबानं हमीपत्रावर सही घेतली. फुडं असं गायले तर सरळ गुन्हा. तूर्तास न्हाई.
येताना यष्टीत आठवून आठवून हसू येत होतं, आणि भीती बी वाटत होती. दोन्ही एकदमच. २६ ला माझ्याच पोरीची, मनीषाची हळद हाय.

२० एप्रिल, रविवार
बाया जमल्या. गल्लीतल्या सगळ्या. काय करायचं? सोनीला वाईट वाटतंय, रील काढून टाकली म्हणे. आता काय उपयोग. ती म्हणली डीजे लावू. त्याची परवानगी लगीच मिळती. ते डीजेवाले कसली गाणी लावतेत! ऐकून बैल लाजंल. त्याला परवानगी आणि मला नोटीस. शाब्बास रे सरकार.
ठरलं, डीजे बी नको आन कुणीच गायचं न्हाई. जाऊबाई म्हणल्या, "इहीण रुसंल की." म्हणलं, शरबत जास्ती देऊ.
मनीषा उठून आत गेली. तिला हळदीत गाणी पाहिजेत, लहानपणापासून बोलायची. आई आहे मी, मला का कळत न्हाई? पण अंगणवाडीच्या पोरांचं तोंड डोळ्यांफुडून हलत न्हाई.

२६ एप्रिल, शनिवार
हळद झाली. झाली म्हणजे काय काय झालं.
इहीण कमलबाई धर्मापुरीकडची. जीपभरून बाया घेऊन आली उष्टी हळद घेऊन. हिरवीगार पैठणी, केसात गजऱ्यांचा मळा. देवा, काय इहीण दिली होती! नुसतं बघून मला तीन कडवी सुचली. गिळली.
शरबत दिलं. चहा दिला. बसा बसा केलं. आमच्या बाया खाली माना घालून, जशा मयतीला बसल्यात. दाराशी वर्षा बंदोबस्ताला, हातात मोबाईल, रेकॉर्डिंगचा हुकूम साहेबाचा.
कमलबाईंचा चेहरा उतरत चालला. आमच्याकडं इहिणीला गायलं न्हाई म्हणजे सोयरीक मनापासून न्हाई, असंच धरतेत. बायकांत कुजबूज. तिकडच्या पुरुषांत कुजबूज. नवरदेवाचा मामा ह्यांना बाजूला घेऊन, "काही कमी-जास्त झालं का?" हे घामाघूम.
कमलबाई सरळ मलाच म्हणल्या, "इहीणबाई, आमच्यात काय खोट दिसली? का पोरगी द्यायची न्हाई?"
डोळे भरून आले माझे. त्यांना आत नेलं, सगळं सांगितलं. नोटीस, हमीपत्र, अंगणवाडी. त्या ऐकत राह्यल्या. मग कपाळावर हात मारून म्हणल्या, "एवढंच? मला वाटलं पोराची कुंडली बघितली." आन बाहेर येऊन मांडवाच्या मधोमध उभ्या. "नोटीस हिच्या नावची हाय. माझ्या नावची हाय का कुणाकडं?" वर्षाकडं बघून म्हणल्या. वर्षानं मान हलवली, न्हाई.
आन सुरू!

अंगणवाडीची बाई शानी, गावाला घाली खिचडी
वसरीवर नवरा उपाशी, त्याला कोण देई उचकी

यमक धड न्हाई बाईचं, पण आवाज, अगं बाई, पहाडी! ह्यांची पळता भुई थोडी झाली. धर्मापुरीच्या बाया टाळ्या देऊन हसायला लागल्या. आमच्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. गायलेल्याला उलट गायलं न्हाई तर ती हार. जन्मभर धर्मापुरीत सांगतील, सुमनबाईचा गळा आटला.
मी वर्षाकडं बघितलं. हळू म्हणलं, मोबाईल जरा खाली घे की गं. ती म्हणली, "काकू, मी ड्युटीवर हाय." मोबाईल खाली आला न्हाई. तिचं बी खरं हाय. तिला बी नौकरी हाय.
मग पिवळ्याधमक अंगानं मनीषा पाटावरून उठली. "आई, गा. माझ्यासाठी गा."
गायले. पैठणीवर गायले, गजऱ्यावर गायले, इवायाच्या घोरण्यावर गायले. कमलबाई मला मिठी मारून रडायला आणि हसायला लागल्या. नवरदेवाचा मामा शेवटी म्हणला, "झाली बाबा सोयरीक पक्की."
एवढं बरं मला कवाच वाटलं न्हाई. खोटं कावून लिहू.

२७ एप्रिल, रविवार
लग्न लागलं. मनीषा गेली. घर खायला उठलंय. हे गोठ्यात जाऊन उगंच शेळ्या मोजत बसलेत. जेवायला दोघंच.

२९ एप्रिल, मंगळवार
जमादाराचा फोन. रेकॉर्डिंग साहेबानं बघितलंय. उद्या सकाळी या. म्हणलं, गुन्हा दाखल व्हायलाय का? "मला म्हाईत न्हाई काकू. साहेब दार लावून बघत होते. हसल्याचा आवाज आला, पण साहेब फोनवर बोलताना बी असेच हसतेत."
सुपरवायझर मॅडमचा निरोप, अंगणवाडीची किल्ली बरोबर ठेवा, लागली तर जमा करावी लागंल.
कमलबाईंना कळलं मनीषाकडून. त्यांचा फोन. "जीप सांगितलीय, सगळ्या बाया येतो. सुरुवात मी केली, गुन्ह्यात माझं नाव पहिलं पाहिजे. पोरीकडच्या इहिणीचं नाव वर गेलं तर आमच्या घराण्याची काय इज्जत राहील?" म्हणलं, अहो, ही मानपानाची यादी न्हाई. ऐकतेत कुठं!
हे म्हणतेत, हमीपत्र मोडलंस, नीट माफी माग. मागंन. कसली मागायची ते मात्र समजंना. गायल्याची माफी तोंडातून निघायची न्हाई.
भीती वाटती. लई वाटती.
किल्ली मी नेणार न्हाई. आताच शांताबाईकडं देऊन आले. म्हणलं, आठला उघड, पोरांना हात धुवून बसव, खिचडी टाक. बडबडगीत राहू दे, ते मी आल्यावर घेते.