हाताच्या अंतरातले डबे

३ मार्च

झालं एकदाचं! बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आवरलं. तापामुळे ते आठ दिवस घरी होते, ती संधी साधली. एकशे बारा डबे — बिस्किटांचे, पावडरीचे, एक तर माझ्या लहानपणच्या चॉकलेटचा. आता स्क्रू आकाराप्रमाणे, स्प्रिंगा जाडीप्रमाणे, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या नळ्यांना चिठ्ठ्या लावणारी मुलगी कधीतरी घरच्या कामी यायला नको?

५ मार्च

बाबा आज दुकानात आले. छान केलंस म्हणाले. दोनदा म्हणाले. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

९ मार्च

टेलरकाकू मशीन घेऊन परत आल्या. परवा बाबांनी स्प्रिंग बदलून दिली, तेव्हापासून दोरा सारखा तुटतोय. उघडून पाहिलं — भलतीच स्प्रिंग! तीस वर्षांत असं झालं नव्हतं. बाबा इतके ओशाळले की काकूंनीच विषय बदलला.

संध्याकाळी दादाचा फोन. बाबांचं वय झालंय, पूर्वीसारखं लक्षात राहत नाही, महिनाअखेर दुकान बंद करू म्हणाला. फोन स्पीकरवर होता आणि बाबा समोरच होते. "बहुतेक डोकंच गेलं माझं," एवढंच बोलले. मला रडू आलं.

१० मार्च

रजा टाकून दुकानात नुसती बसले. बाबांवर डोळा ठेवायला, खरं सांगायचं तर. आणि दिसलं! ते डब्यांकडे बघतच नाहीत. नजर मशीनच्या पोटात, डावा हात आपोआप मागे जातो आणि हवं ते चिमटीत घेऊन येतो. हात जुन्याच जागी जातो. तिथे मी भलतंच ठेवलंय. बाबांचं डोकं शाबूत आहे, माझाच अतिशहाणपणा नडला!

११ मार्च

बाबांना सगळं सांगितलं, पाया पडायचंच बाकी ठेवलं. पण जुना क्रम मला कुठे आठवतोय? पसाऱ्याचा फोटो कोण काढून ठेवतं! शेवटी त्यांना स्टुलावर बसवलं, डोळे मिटायला लावले. हात लांब करून ते सांगत गेले, मी डबे लावत गेले. सुयांच्या शेजारी तेलाची बुधली कशाला, असं विचारलं.

"सुई बदलली की लगेच तेल द्यायचं असतं, बाळा."

म्हणजे त्या पसाऱ्यालाही शिस्त होती. मला ती दिसली नव्हती, इतकंच.

मग आमचा तह झाला. हाताच्या अंतरातलं सगळं त्यांच्या मनासारखं, वरचे दोन खण माझे, चिठ्ठ्यांसकट. चॉकलेटच्या डब्यातल्या वस्तू कशाच्या आहेत ते बाबांनाही माहीत नाही. तो तसाच ठेवला.

२ एप्रिल

दुकान चालू आहे! दादाने पुन्हा विषय काढला नाही. टेलरकाकूंनी नणंदेचं मशीनही आणून टाकलं. मीसुद्धा घरी कपाटाचा एक खण न आवरता सोडलाय. तीन दिवस झाले, जीव नुसता तळमळतोय.

१९ ऑगस्ट

दुपारी बाबांचा दुकानातून फोन. "खालच्या डब्यांनाही चिठ्ठ्या लाव गं. मोठ्या अक्षरात. हात अजून सांगतो, पण हल्ली मधूनच गप्प बसतो."

लिहायला बसले आहे. जागा त्यांच्याच ठेवणार. पहिली चिठ्ठी सुयांची, शेजारची तेलाची.