चिटणिसांनी न घेतलेलं पाणी

कर्जत, वैशाख वद्य सप्तमी, संध्याकाळ

राग अजून उतरत नाही. शेजारच्या यमुनाबाईंना पहाटेपासून उलट्या होताहेत. मोळी घेऊन आलेल्या सोनीने कारण सांगितलं. "बाय, नळाच्या टाकीत माकड मेलं होतं. काल आमच्या घरच्यानं काडलं. कमिटीवाले आमाला बोलले, कुनाला सांगू नको."

दुपारी नळकमिटीचे चिटणीस ओटीवर आले, तेव्हा मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "बैठक सोमवारी आहे, वहिनी. तोवर कमिटीच्या लेखी काही घडलेलं नाही. उगाच घबराट नको."

"उन्हातून आलात, पाणी तरी घ्या." मी नळाच्या पाण्याचं भांडं पुढे ठेवलं. त्यांनी त्याकडे पाहिलं. "आत्ताच घरी घेतलं," म्हणाले आणि छत्री उचलली. भांडं भरलेलंच राहिलं. असली माणसं गावाला पाणी पाजणार?

मग मी आणि सोनी दारोदार सांगत फिरलो, पाणी उकळून प्या. काहीजणी हसल्या. ते भरलेलं भांडं सारखं डोळ्यांपुढे येत होतं, म्हणून थांबले नाही.

दिवेलागणीला दवंडी झाली: कमिटीच्या दक्षतेने टाकी धुतली जात आहे, पाणी उकळून प्यावे. माकडाचं नावही नाही.

यमुनाबाईंच्या पोटात आता पेज ठरली आहे. चिटणीस याचंही श्रेय घेतील.