आरशातलं मैदान

मंगळवार, ७ ऑक्टोबर

निळे पुन्हा जिंकले! काल निळे, आज निळे. खेळाडूंची अदलाबदल केली, तरी निळेच. ज्याला निळ्या बाजूला बसवावं तो शेर, लाल बाजूला बसवलं की त्याचीच शेळी.

संगणकावरच्या खेळातलं हे मैदान मीच रचलेलं, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नाही. चंद्रावरचं ओसाड खाणकेंद्र. दोन टोकांना दोन तळ, मधल्या गोल चौकात एक झेंडा. गोळीबारातून वाट काढत तो आपल्या तळावर न्यायचा, एवढाच खेळ. निळा तळ मी आधी बांधला, मग मधोमध आरसा धरावा तसा उलटवून लाल केला. इकडे पायरी तर तिकडे पायरी. इकडे खांब तर तिकडे खांब. मग फरक येतो कुठून? आज पुन्हा एकेक भिंत ताडून पाहिली. तंतोतंत!

आमचा प्रमुख — ऑफिसात सगळे त्याला सरदार म्हणतात — जाता जाता म्हणाला, "बाई, तुमच्या लालांना कुणाचा शाप आहे का? महिनाअखेरपर्यंत सुटलं नाही तर हे मैदान वगळू." शांतपणे बोलतो, म्हणून जास्त लागतं.

घरी आले तर अप्पा दारातच. "हरली वाटतं तुझी लाल मंडळी?" माझ्या चपला काढण्यावरून त्यांना कळतं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आमच्या खेळात सगळं मोजके त्रिकोण जोडून काढलेलं — खडक, दारं, माणसंसुद्धा. साध्या संगणकावर चालावं म्हणून. आणि मला आवडतं म्हणूनही. मी म्हटलं, एवढ्या कमी त्रिकोणांत खोटेपणाला जागाच राहत नाही. खेळातली चित्रं करणारा आमचा रंगारी म्हणाला, "नाकालाही राहत नाही." मग आकाशातल्या ग्रहावरून वाद. "आणखी त्रिकोण कापलेस तर त्याचा बटाटा होईल." होऊ दे, म्हटलं. संध्याकाळी पाहिलं तर खरंच बटाटा! निमूटपणे परत दिले.

लाल आजही हरले.

शनिवार, ११ ऑक्टोबर

ताईचा फोन. आधी इकडचं तिकडचं. मग — "ऐक ना, यंदा थंडीत अप्पांना तुझ्याकडेच ठेवशील का?"

मी म्हटलं, आपलं ठरलंय ना? अर्धं वर्ष तू, अर्धं वर्ष मी.

"हो. ठरलंय." मग म्हणाली, "तुझ्याकडे अप्पा राहायला येतात. माझ्याकडे आजारी पडायला येतात." आणि ठेवला.

राग आला. अजूनही आहे. आई गेल्यावर ही वाटणी झाली तेव्हा, कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको, असं मीच म्हटलं होतं. ऊन तापलं की माझ्याकडे, गारठा पडला की तिच्याकडे. इतकी सरळ वाटणी कुठल्या घरात असते? शिवाय माझं मैदान अडकलंय. महिनाअखेरची मुदत आहे.

हे कारण खरं आहे की सोयीचं? खरं आहे. सोयीचंही आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

अप्पांनी माळ्यावरून बॅग काढून घेतलीय. मी सांगितलं नव्हतं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

अप्पांना मैदान दाखवलं. माझ्या खुर्चीत बसवलं, कुठली कळ दाबली की काय होतं ते सांगितलं. शत्रू कुणी नव्हता, रिकामं मैदान. बराच वेळ एका भिंतीला नाक लावून चालत होते. "ही भिंत सरत कशी नाही गं?" अप्पा, वळा. "वळतोय की!" शेवटी कसेबसे चौकात पोचले आणि झेंड्याशेजारी उभे राहिले.

"उचला ना!"

"राहू दे बिचाऱ्याला. बरा उभा आहे."

मी हसले. ते पडद्याकडे बघत राहिले. "सगळे याला पळवणार. याला कुठे राहायचंय ते कुणी विचारतं का?"

"अप्पा, झेंडा आहे तो."

"हो गं. झेंडाच आहे," म्हणाले, आणि खुर्चीतून उठले.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सापडलं! सापडलं! सापडलं!

भिंती मोजायचं सोडलं आणि जुने सामने नुसते बघत बसले. निळा कोपऱ्याशी येतो, नुसता खांदा बाहेर काढतो, गोळी झाडतो, आत. लाल कोपऱ्याशी येतो आणि अख्खाच्या अख्खा बाहेर! प्रत्येक वेळी. मला वाटायचं, लालवाले घाई करतात. घाई कसली? आमच्या खेळात सगळ्यांची बंदूक उजव्या खांद्यावर. भिंत डाव्या हाताला असली की थोडंसं डोकावून नेम धरता येतो. उजव्या हाताला असली की बंदूक बाहेर यायला आधी सगळं अंग बाहेर काढावं लागतं. आणि मी आरसा धरला होता! आरशात डावं ते उजवं होतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. निळ्यांच्या सगळ्या भिंती डावीकडे, म्हणून लालांच्या सगळ्या उजवीकडे. लांबी तीच, उंची तीच. हात वेगळा.

"म्हणजे आरसाच चोर!" रंगारी म्हणाला.

उपाय साधा आहे. उलटवायचं नाही, फिरवायचं. निळा तळ उचलायचा, ताट फिरवावं तसा अर्धा फेरा फिरवून समोर ठेवायचा. मग दोघांनाही तीच भिंत त्याच हाताला.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

लाल जिंकले. मग निळे. मग पुन्हा लाल, तेही अगदी शेवटच्या क्षणी! खोलीत नुसता आरडाओरडा. सरदार म्हणाला, "उतरला शाप. मैदान राहतंय." रंगाऱ्याने सगळ्यांना चहा पाजला आणि पैसे मात्र माझ्याकडून घेतले.

मी खूश होते. घराच्या जिन्यापर्यंत होते.

जिन्यात सुचलं ते सुचलंच. अर्धं वर्ष, अर्धं वर्ष. लांबी तीच. थंडीत अप्पांची छाती भरते. वाफारे, डॉक्टर, जागरणं, पथ्याचं वेगळं शिजवणं — सगळं ताईच्या हाताला. माझ्याकडे असतात तेव्हा ते बागेत फिरतात, शब्दकोडी सोडवतात, माझ्या मैत्रिणींची फिरकी घेतात. त्या म्हणतात, किती छान सांभाळतेस गं! आणि मी ते ऐकून घेते.

दार उघडायच्या आधीच, पायरीवर बसून ताईला फोन लावला. तुझं बरोबर होतं, म्हटलं. यंदा थंडी माझ्याकडे, पुढच्या वर्षी तुझ्याकडे, आता फिरवत राहू. आरशाचं आणि भिंतींचंही सांगितलं, बहुतेक फार सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"अप्पांना विचारलंस?" म्हणाली.

नाही विचारलं!

शनिवार, १८ ऑक्टोबर

विचारलं. चहा घेताना. त्यांनी बशी खाली ठेवली.

"तिच्याकडे," म्हणाले. "आणि मग तिथेच. बॅग भरायचा कंटाळा आला गं."

माझं काही चुकतं का, असं विचारू नये हे कळत होतं. तरी विचारलं.

"चुकत काही नाही. पण तुझ्याकडे मी खोकला दाबतो. तू कानाला ते हेडफोन लावून कामात असतेस, कशाला त्रास? तिच्याकडे मनसोक्त खोकतो. ती ओरडते, मी ओरडतो." हसले. "बरं वाटतं."

खोकला दाबतात! म्हणजे उन्हाळ्यातही येतो. मला वाटत होतं, माझ्याकडे ते बरे असतात.

त्यानंतर त्यांनी कोड्यातला एक आडवा शब्द विचारला. मला आला नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

दिवसभर मैदानाचं राहिलेलं काम. झेंडा चौकातून कुणी हलवायचाच नाही, असाही एक खेळ असतो. तो जागच्या जागी राहतो. त्याच्याजवळ टिकून राहायचं खेळाडूंनी.

ताईला पुन्हा फोन. तिच्याकडे कायमचं म्हणजे सगळ्याच भिंती तिच्या उजव्या हाताला. मला काय म्हणायचंय ते ऐकून ती म्हणाली, "तू? इथे? तुला माझ्या घरात दोन दिवस करमत नाही." मग म्हणाली, "टेबल मोठं लागेल का?"

सोमवार, २० ऑक्टोबर

सरदारला विचारलं, थंडीभर बहिणीच्या गावाहून काम केलं तर चालेल का? विचार करायचं सोंग केलं त्याने. "बाई, मैदान चंद्रावर आहे. तुम्ही कुठे बसता याने काय बिघडतंय?"

रविवार, २३ नोव्हेंबर

टेबल अप्पांच्या खोलीत, खिडकीशी लावलंय. कानाला काही लावलेलं नाही. ताई पलीकडे दुपारची झोपलीय, गाढ.

अप्पा खोकले. मी उठते.