त्यागी म्हणू नका

कोल्हापूर,
१० नोव्हेंबर २०२५

ती. अंजनाअक्का,
सम्मेदचा जय जिनेंद्र.

कुरुंदवाडला थंडी पडली का? दाजींचा गुडघा कसा आहे? इथं सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण तुला खोटं लिहवत नाही. फोनवर मला आधी खोकला येतो आणि मग रडू, म्हणून पत्र.

रविवारी तू घरची सगळी घेऊन माझ्या दर्शनाला येणार, असं तुझी भावजय रोहिणी म्हणाली. दर्शनाला! ज्याचं नाक तू पदरानं पुसलंस, त्याच्या. अक्का, अन्नपाणी सोडून मरणाला सामोरं जायचं ते सल्लेखनेचं व्रत मी घेतलेलं नाही. घेणारही नाही.

झालं ते असं. फुप्फुसाचा कॅन्सर कळल्यापासून माझं मनच उडालं. गोळ्या लागू पडल्यात, गाठ लहान झालीय, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी पेढे आणायचे सोडून मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. अंघोळ नको, दुकान नको, जेवण तर नकोच. रोहिणी ताट घेऊन भांडायची. एकदा शेजारचा बाळासो आला. भरलेलं ताट परत चाललेलं बघून त्यानं विचारलं, "काका, अन्नाचा त्याग केलासा व्हय?"

मी गप्प बसलो. एवढंच केलं.

बाळासो पाया पडून गेला. संध्याकाळी बस्तीच्या देवळातली माणसं आली आणि उशाशी बसून णमोकार मंत्र म्हणू लागली. कालपर्यंत मला बिचारा म्हणणारे डोकं टेकवू लागले. सांगायला लाज वाटते, पण ते मला गोड लागलं. जे खरं व्रत घेतात ते शांत मनानं, सगळ्यांची क्षमा मागून घेतात. मी नुसता खचलोय, आणि त्यांचा मान फुकट घेतोय.

रोहिणी आता भांडत नाही. मला वास येऊ नये म्हणून फोडणीसुद्धा दार लावून देते. काल माझ्या पाया पडली. म्हणाली, "खावा खावा म्हणून लई तरास दिला तुमास्नी. माझं चुकलं."

तेव्हाही मी गप्पच होतो. याची शरम मला कॅन्सरपेक्षा जास्त खाते.

पाकीट चिकटवायच्या आधी हे पत्र तिच्या हातात देणार आहे. तोंडानं सांगायचं धाडस नाही. पोस्टात तिनंच टाकायचं. तुला मिळालं, तर तिनं वाचलं असं समज. मनाच्या डॉक्टरांकडं जा म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेव्हा मी काय वेडा आहे का म्हणून भांडून आलो. आता जाईन. बस्तीतल्या माणसांनाही मीच सांगेन, पण तू शेजारी बस.

एकटीच ये. हार आणू नकोस. भूक अजून लागत नाही, पण तू रागावून समोर बसलीस तर दोन घास जातील असं वाटतं.

धाकटा मी आहे, अक्का. पाया मी पडायचं. तू वाकू नकोस.

तुझा,
सम्मेद